मोटारीला तहान लागते

नाव म्हणे शांतिनाथ! कुणी आणि काय बघून ठेवलं असेल ते जिनदेवालाच ठाऊक. कारण तवंदीच्या घाटात राजमतीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं – पाहिलं कसलं, आधी ऐकलंच – तेव्हा तो मोटारीचा रबरी भोंगा असा काही पिळत होता, की घाटातली माकडं पिल्लं पोटाशी धरून पळत सुटली.

निपाणीच्या बाजारचा दिवस होता. उन्हं कलली होती. गाडीच्या पुढं कासरा धरून राजमती बसलेली, आणि मागं पेंडीच्या पोत्यांना टेकून तिचे आप्पा, जिनगोंडा पाटील. पाटलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, बायको वारलेली, पोटी मुलगा नाही. मग गाडी हाकायची कुणी? लेकीनं. गावानं आधी नाकं मुरडली, मग गावाला सवय झाली, आणि शेवटी तर गावच कौतुकानं सांगायला लागलं, की पाटलाची राजू बैल कशी हाकते ते एकदा बघाच.

आणि रस्ता तरी केवढा! मधे खडीचा पट्टा, दोन्ही अंगांना घोट्याएवढा फुफाटा. दोन वाहनांची गाठ पडली की ज्याला सोपं पडेल त्यानं एक चाक फुफाट्यात घालायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची, हा जुना रिवाज. पण बेळगाव–निपाणी सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या आणि रिवाज गेला चुलीत. दोन मालक, दोन मोटारी. जी पुढं जाईल तिला वाटेतल्या सवाऱ्या. मग रस्त्यात बैलगाडी असो, गाभण म्हैस असो, नाहीतर डोक्यावर भारा घेतलेली म्हातारी असो – ह्यांना कुणाचं काही नाही! भोंगा वाजवायचा, अंगावर यायचं, आणि सरकला नाहीत तर तुमचं तुम्ही बघा. रस्ता जसा काही ह्यांच्या आज्यानं बांधलेला.

"ए, सरी! सरी!" मागून आरोळी आली.

सरी म्हणजे कन्नडमध्ये सरक, बाजूला हो. राजमतीला काय ते कळत नव्हतं? पाटलांच्या घरात चुलीपाशी कन्नड आणि ओसरीवर मराठी. पण तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"राजू, दे गं वाट," आप्पा म्हणाले.

"का म्हणून? चढ हाय, आप्पा. फुफाट्यात चाक रुतलं तर गाडी ढकलाय त्यो येणार हाय व्हय?"

मोटारवाल्याला धीर कुठला! त्यानं मोटार तशीच कडेनं घातली आणि गाडीला घासत पुढं काढली. हरण्या बैल बुजला, गाडी कलली, पेंडीचं एक पोतं धाडकन खाली. आणि धुरळा? बापलेक एकमेकांना दिसेनाशी झाली.

"तुज्या मोटारीचं वाटोळं हुईल रं!" राजमती ओरडली.

शाप काही असे लगेच लागत नसतात. पण त्या दिवशी ह्या शापाला दुसरं काम नसावं. वरच्या वळणावर मोटार उभी, आणि तिच्या नाकाडातून वाफेचा हा लोट! चढाला पाणी उकळलं होतं. सवाऱ्या खाली उतरून उपरण्यानं वारा घेत होत्या. राजमतीची गाडी आपल्या चालीनं, घुंगरं वाजवत वर आली आणि तिनं मुद्दाम अगदी मोटारीपाशी बैल थांबवले.

क्लिनर रवळू चाळिशीचा, लोचट. त्याला गाडीच्या साट्याला बांधलेली घागर दिसली. "आक्का, तेवढं पाणी..."

"बैलांचं हाय."

मग स्वतः ड्रायव्हर पुढं झाला. उंच, किडकिडीत, अंगात खाकी सदरा, पापण्यांवर धूळ बसलेली. "थोडं तरी द्या की. पंधरा माणसं अडकल्यात."

"आदी पोतं."

"कसलं पोतं?"

"तुमच्या भोंग्यानं पाडलेलं. खाली पडलंय. आणा, मग पाण्याचं बघू."

पंधरा माणसांसमोर दुसरा कुणी असता तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. हा एकदा तिच्याकडं बघून, एकदा घाटाकडं बघून मुकाट्यानं खाली गेला आणि पेंडीचं पोतं पाठीवर घेऊन चढ चढून आला. पेंडीचं पोतं म्हणजे काही कापसाची गादी नव्हे! गाडीत टाकताना त्याचे गुडघे थरथरत होते. राजमतीनं घागर सोडून दिली आणि गंमत बघत बसली.

पण गंमत निराळीच झाली. त्यानं खिशातून एक धुतलेलं फडकं काढलं, घडी घातली, मोटारीच्या तोंडावर धरलं, आणि त्यातून बेताबेतानं पाणी ओतायला लागला.

"आरं, मोटारीला काय जुलाब हुणार हाईत व्हय, पाणी गाळतोयस त्ये?" एक सवारी खेकसली.

"सवय हाय," तो म्हणाला. "न गाळता पाणी ओतायला हातच हुईत न्हाय."

राजमती एकदम सरळ होऊन बसली. तिच्याही घरी गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कुणाच्या घशाखाली जात नसे. "जैनाचं हायसा?"

"व्हय. रुकडीचा. काकांनी वाढीवलंय."

"वा! पाण्यातला किडा मरू नये म्हणून फडकं, आणि बैलाच्या अंगावर मोटार! हे कुठल्या महाराजांनी शिकीवलं?"

सवाऱ्या खदाखदा हसल्या. आप्पासुद्धा मिशीत हसले. ड्रायव्हरचं तोंड धुळीखाली लाल झालं. त्यानं रिकामी घागर साट्याला परत बांधली, गाठ दोनदा तपासली आणि हळूच म्हणाला, "म्होरच्या बाजाराला बघा की..."

"काय बघू?"

"बघा तर!"

कुणाचं प्रेम पावसात जमतं, कुणाचं चांदण्यात. ह्या दोघांचं फुफाट्यात जमलं, त्याला कोण काय करणार!

पुढच्या बाजारी मागून मोटारीचा आवाज आला, पण भोंगा नाही. राजमती कान देऊन बसली. मोटार गाडीमागं बैलांच्या चालीनं, गोगलगाईसारखी सरकत राहिली – घाटातला रुंद भाग येईपर्यंत. तिथं मोटारीनं आपणहून चाक फुफाट्यात घातलं, आणि धुरळा उडू नये अशी हळूच पुढं गेली. खिडकीतून ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. राजमतीनं हसू दाबायला पदर तोंडात धरला.

त्याच्या पुढच्या खेपेला तिनंच मोटारीचा आवाज ऐकून गाडी कडेला घेतली. तोवर त्यानंही मोटार कडेला घेतली होती. खडीचा रस्ता मोकळा, आणि दोन्ही वाहनं फुफाट्यात उभी! "जावा तुम्ही." "न्हाय, आदी तुम्ही." सवाऱ्यांनी कपाळं बडवून घेतली. तेवढ्यात मागून दुसऱ्या मालकाची मोटार आली. तिच्यावर भावकू नावाचा ड्रायव्हर होता, भोंग्यावरचा हात काढीतच नसे तो. मधल्या मोकळ्या रस्त्यानं तो भुर्रकन निघून गेला, आणि वाटेतल्या सगळ्या सवाऱ्या त्याच्या पदरात पडल्या. त्या संध्याकाळी शांतिनाथाचे मालक, मारुतीराव, त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तरी मोटारीला वरच्या वळणावर तहान लागायचीच. चढाला लागायची, उतरणीलाही लागायला लागली असती, पण राजमतीची गाडी चढावरच असे.

"डायवर, मोटार गार हाय की!" रवळू एकदा हात लावून म्हणाला.

"तुला काय कळतंय? आतनं तापलीया."

आणि मग मोटारीला पाणी पाजता पाजता चार गोष्टी व्हायच्या. निपाणीत तंबाखूला भाव काय, रुकडीच्या ओढ्याला पाणी किती, हरण्या अजून बुजतो का. असल्याच. पण 'हरण्या बुजतो का' हे विचारताना माणसानं एवढं अडखळावं का? आणि 'न्हाय बुजत आता' हे सांगताना एखादीनं कासऱ्याला बोटाभोवती इतके वेढे घालावेत का?

"कन्नड येतंय का तुमास्नी?" एकदा तिनं विचारलं.

"येतंय की."

"बोला बघू."

तो खूप विचार करून म्हणाला, "सरी."

"आणि?"

"आणि काय... सरी, सरी! रवळूनं एवढंच शिकीवलंय. रस्त्यावर तेवढं बास हुतंय."

राजमती इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो असा भाबड्यासारखा बघत होता... सांगू पुढच्या बाजारी, अजून थोडी गंमत करू, म्हणून तिनं ते राखून ठेवलं. मग पुढच्या बाजारी दुसरंच काहीतरी बोलणं निघालं, आणि राहून गेलं ते राहूनच गेलं.

"राजू," घरी येताना आप्पा म्हणाले, "त्या मोटारीला दर बाजाराला तहान कशी लागती गं?"

"चढ हाय न्हवं, आप्पा."

"व्हय व्हय, चढ हाय." म्हाताऱ्यानं मिशीवरची धूळ पुसली. "पोरगं गुणाचं दिसतंय. म्हंजी, मला दिसत न्हाय. पण आवाज बरा हाय त्याचा."

राजमतीनं कासरा उगाचच ओढला. आप्पांची अडचण साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. त्यांना घरजावई हवा होता. लेक सासरी गेली की ह्या अंध म्हाताऱ्याला भाकरी कोण घालणार आणि शेत कोण बघणार? चार ठिकाणची स्थळं त्यापायीच मोडली होती. कुणाचेच आईबाप मुलगा द्यायला तयार नव्हते. आणि इकडं शांतिनाथाला आईबापच नव्हते, घर नव्हतं, काकांच्या माडीखालची एक वळकटी तेवढी होती. सगळं कसं चोख जमत होतं! नुसतं कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

त्यानं उघडलं. फाल्गुनातल्या अवसेला.

अवसेला तवंदीच्या पार्श्वनाथाला गर्दी असते. आप्पा एका ओळखीच्या माणसाचा हात धरून दर्शनाला गेले होते आणि राजमती गाडी घेऊन रस्त्यावर थांबली होती. बैल जुंपलेलेच होते. मोटार आली, थांबली. शांतिनाथ खाली उतरला, पण पाण्याचं नाव नाही. आज त्यानं तोंड धुतलं होतं, केसांना तेल लावलं होतं, आणि सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावली होती. तो बैलांच्या पुढ्यात रस्त्यावर उभा राहिला आणि त्यानं जुवावर हात ठेवला.

"एक इचारायचं हुतं."

"इचारा की."

"रागवणार न्हाईसा?"

"आदी इचारा तर."

पण तो नुसता जुवाची दोरी चाचपत राहिला. खालच्या वळणावर भोंगा वाजला. भावकूची मोटार! देवाच्या दारात, अवसेच्या गर्दीतसुद्धा त्या मेल्याचा हात भोंग्यावरच.

"म्या... काकास्नी आप्पांच्याकडं लावून देऊ का? मागणी घालाय?" शांतिनाथ एका दमात बोलला. "म्या पगारी माणूस हाय, जमीन न्हाय, जुमला न्हाय. पण आप्पांस्नी अंतर देणार न्हाय. तुमास्नी बी... तुमची मर्जी असंल तरच. न्हाय तर न्हाय."

भोंगा जवळ आला. हरण्यानं कान टवकारले.

आता बघा हं. राजमती मराठी बोलायची ती बाजारात, रस्त्यात, ओसरीवर. पण अगदी आतलं, पोटातलं काही आलं की ते आईच्या भाषेत यायचं. पडली झडली तर 'अव्वा' म्हणूनच कण्हायची. तिची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या तापल्या, आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला –

"सरी."

सरी! कन्नडमध्ये सरी म्हणजे सरक हे खरं. पण सरी म्हणजे बरं असंही होतं. बरं, चालेल, कबूल. आई विचारायची, 'आणखी एक भाकरी वाढू?' – 'सरी.' आप्पा म्हणायचे, 'उद्या पहाटे निघू' – 'सरी.' तिच्या घरातला सगळ्यात साधा, सगळ्यात गोड होकार होता तो.

शांतिनाथानं जुवावरचा हात काढला. मान खाली घातली, आणि तो बाजूला झाला.

लाजला, असं राजमतीला वाटलं. अहो, दुसरं काय वाटणार? ती वर बघणार, हसणार, आणखी एखादा शब्द बोलणार, तोच भावकूची मोटार भोंगा ठणाणत, माणसं पांगवत, गाडीच्या अगदी चाकाला चाटून गेली. हरण्या बुजला. तो एवढा उधळला की राजमतीला कासऱ्याशिवाय काही सुचेना. पार पुढच्या वडापाशी जाऊन बैल आवरले. तिनं मागं पाहिलं. धुरळ्यातून शांतिनाथ मोटारीचं हँडल फिरवताना दिसला. त्यानं मान वर केली नाही.

राजमतीला त्याचंही वाईट वाटलं नाही. ती त्या दिवशी इतकी आनंदात होती, की तिनं घरी आल्यावर हरण्याला चक्क गूळ खाऊ घातला आणि आप्पांना उगाचच दोनदा भाजी वाढली.

पुढच्या बाजारी मोटारीवर दुसराच ड्रायव्हर होता. राजमती घागर भरून घेऊन बसली होती. मोटार थांबलीच नाही. त्याच्या पुढच्या खेपेला तिनं लाज गुंडाळून ठेवली आणि निपाणीच्या मोटार-अड्ड्यावर रवळूला गाठलं.

"त्यो? त्यो गेला की मिल्ट्रीत!" रवळू म्हणाला. "बेळगावात लॉरीवाल्यांची भरती चालू हाय न्हवं लढाईसाठनं. अवसेच्या दुसऱ्या दिशीच गेला. मालक पगार वाढवून देतो म्हणालं, तरी ऐकलं न्हाय."

"काय सांगून गेला?"

"काय न्हाय. तोंड बारीक करून गेला."

राजमतीनं काकांची वाट पाहिली. आज येतील, उद्या येतील. लढाईवर जाताना सांगून गेला असेल, गडबडीत उशीर होत असेल. पाऊस आला, गेला. तंबाखूची लावण झाली, खुडा झाला. काका आले नाहीत. मग तिच्या मनातल्या गोडीचं हळूहळू विष झालं. फसवलं मेल्यानं! रस्त्यात भेटलेलं माणूस रस्त्यासारखंच, आज ह्याचं उद्या त्याचं. मारे पाणी गाळत होता, आणि इथं एका मुलीचा शब्द घेतला आणि सरळ टाकून गेला! कधी ती रागानं रडायची, कधी तिकडं ब्रह्मदेशात बॉम्ब पडले असं ऐकलं की रागबिग विसरून पार्श्वनाथाला हात जोडायची. आलेली दोन स्थळं तिनं काहीबाही खुसपट काढून परतवली. आप्पा काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नगंस, राजू." कुणासाठी थांबली होती ते त्या म्हाताऱ्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

शेवटी घरजावयाचा नाद आप्पांनी सोडला. शेत वाट्यानं दिलं, आणि राजमतीला निपाणीत पायगोंडा म्हणून एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलं. नवरा वाईट नव्हता. खोटं कशाला बोला, चांगलाच होता. शांत, कामसू, मुलाच्या पायात काटा गेला तर रात्रभर जागणारा. राजमती सुखात होती. फक्त भोंगा वाजला की तिच्या कपाळावर आठी पडायची. नवऱ्याला वाटायचं, आवाजाचा त्रास होतो. तो उठून खिडकी लावून घ्यायचा.

लढाई संपली. दुसरा उन्हाळा आला, आणि आप्पांचा निरोप आला, की नातवाला घेऊन चार दिवस ये. राजमती पोराला कडेवर घेऊन मोटारीत चढली. बायकांना पुढं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवायचे. ती बसली, आणि ड्रायव्हरची मान तिला मागून दिसली. ती त्याला मागून ओळखेल असं कुणी तिला सांगितलं असतं, तर ती नाही म्हणाली असती.

मोटार निघाली. आणि काय सांगावं, बैलगाडी दिसली की मोटार हळू, शेळ्या दिसल्या की मोटार उभी, म्हातारी दिसली की मोटार फुफाट्यात!

"अवो डायवर, चालत गेलो असतो तर पोचलो असतो की!" एक जण ओरडला.

"मग उतरा की," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. तोच आवाज.

घाटात वरच्या वळणावर पाणी तापलं. खरंच तापलं. सगळे उतरले. राजमती पोराला खांद्यावर घेऊन कडेला उभी राहिली. त्यानं फडकं काढलं, घडी घातली, आणि पाणी ओतताना त्याची नजर तिच्यावर गेली. थोडं पाणी खाली सांडलं.

"...जय जिनेंद्र."

"जय जिनेंद्र. कवा आलासा?"

"चार म्हैनं झालं. मालकांनी परत ठेवून घेतलं." त्यानं झोपलेल्या पोराकडं पाहिलं. "तुमचा?"

"व्हय."

"गुणाचा दिसतोय."

राजमतीनं इतकी वर्षं मनात घोकलेलं एक वाक्य होतं. असा भेटला की त्याच्या तोंडावर फेकायचं. ती ते जुळवत होती, तेवढ्यात तोच बोलला.

"बरं झालं गाठ पडली. माझं लगीन ठरलंय, अक्षय्यतृतीयेला. नांदणीची हाय मुलगी. त्याच्या आदी तुमची एकदा माफी मागायची हुती."

"कशाची?"

"त्या अवसेला म्या तुमची वाट अडवून हुबा ऱ्हायलो, त्याची. पाटलाची लेक, आणि म्या पगारी डायवर. माझी काय पायरी? तरी इचारलं. दुसरी असती तर चाबूक वडला असता. तुम्ही नुसतं 'सरी' म्हणालासा." तो कसनुसा हसला. "माझ्याच शब्दात सांगितलंसा, सरक म्हणून. सरकलो. लई वाईट वाटलं तवा, खोटं कशाला बोलू. त्या तिरमिरीतच भरती झालो. पण आता राग न्हाय मनात. बरोबरच बोललासा तुम्ही."

राजमतीनं पोराला घट्ट धरलं. तिनं मोटारीला हात टेकला.

अरे देवा! म्हणजे त्यानं फसवलं नव्हतं. ह्यानं तिच्या होकाराला नकार समजून, तोच उराशी धरून लढाईच्या तोंडी जीव घातला होता. आणि ती इकडं त्याला मेल्या म्हणत होती. आप्पा एकटे पडले, शेत वाट्यानं गेलं, आणि हा माणूस इतकी वर्षं स्वतःची पायरी मोजत बसला. का, तर ती एक शब्द बोलली आणि त्याचा दुसरा अर्थ तिनं गमतीनं राखून ठेवला होता! त्याला धरून हलवावं आणि ओरडून सांगावं असं तिला वाटलं, की अरे वेड्या, सरी म्हणजे बरं, सरी म्हणजे व्हय, मी तुला व्हय म्हटलं होतं!

"तुमास्नी एक सांगू?" ती म्हणाली. "त्या दिशी..."

आणि मागून भोंगा.

भावकूच! तीच मोटार, तोच हात. वळणावर रस्ता अरुंद, पुढं शांतिनाथाची मोटार आडवी. "ए, घे की बाजूला! रस्ता काय तुझ्या बाचा हाय?"

शेळीलासुद्धा वाट देणारा तो माणूस जागचा हलला नाही. त्यानं मागं वळून नुसता हात वर केला. भावकू भोंगा पिळतच होता. सवाऱ्या कानांत बोटं घालून उभ्या. रवळू म्हणाला, "डायवर, घेऊ या की कडंला," तर त्याच्याकडंही शांतिनाथानं पाहिलं नाही.

"वाजवू दे त्याला," तो राजमतीला म्हणाला. "तुम्ही काय तरी सांगत हुतासा. सांगा. काय घाई न्हाय."

त्या अवसेला एवढाच वेळ मिळता तर! एवढाच, दोन शब्दांपुरता. आज तो सगळा रस्ता अडवून तिला वेळ देत होता, हवा तेवढा. आणि तिच्या खांद्यावर पोरगं झोपलं होतं. तिकडं नांदणीत एक मुलगी हातात हिरवा चुडा भरायची वाट बघत होती. आता हे सांगून काय होणार? हा माणूस बोहल्यावर चढेल तो काळजात काटा घेऊन, आणि जन्मभर त्या बिचारीला कळणार नाही, की आपला नवरा घाटात गाडी आली की गप्प का होतो. नकार पचवून हा उभा राहिला होता. होकार त्याला पचला नसता.

"काय न्हाय," राजमती म्हणाली. "सुखानं संसार करा, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं फडकं पिळलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग जरा थांबून म्हणाला, "रागवला न्हवतासा न्हवं? त्या दिशी?"

राजमतीनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. इतकी वर्षं झाली, पण असं सरळ, डोळ्यांत, तिनं त्याच्याकडं आधी कधीच पाहिलं नव्हतं.

"त्या दिशी तर न्हाईच," ती म्हणाली. "जावा, द्या त्याला वाट."

त्यानं मोटार कडेला घेतली. भावकूची मोटार खडी उडवत, भोंगा वाजवत वर निघून गेली, आणि धुरळ्याचा लोट सगळ्यांच्या अंगावर आला. बायकांनी पदर तोंडावर घेतले. राजमतीनंही घेतला. धुरळा बसला, रवळूनं हँडल मारलं, सवाऱ्या आपापल्या जागी चढल्या, मोटार घाट चढून माळाला लागली, तरी तिनं तोंडावरचा पदर काही काढला नाही.